मीटर की चालक

वेगमर्यादा ओलांडल्याचं चलान मोबाईलवर आलं आणि वडिलांनी सगळा दोष गाडीच्या मीटरवर टाकला.

"काटा साठवर होता. मीटर कमी दाखवतंय."

ते ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी मोजमापाची उपकरणंच तपासली, त्यामुळे घरात या विषयावर त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे. मला वाद नको होता, निकाल हवा होता. दोष मीटरचा निघाला तर दुरुस्ती, त्यांचा निघाला तर किल्ली माझ्याकडे. हे मी आधीच सांगितलं. ते म्हणाले, "मंजूर."

रविवारी सकाळी लवकर निघालो. पेठ रोडला शहराबाहेर एक सरळ, रिकामा पट्टा आहे. वाटेत त्यांनी चारही टायरची हवा तपासून घेतली, कारण हवा कमी असली की मीटर फसतं. मी मोबाईलवर वेग दाखवणारं ॲप सुरू केलं.

"या मोबाईलला कोणी तपासलंय?"

"बाबा, सीटबेल्ट लावा."

आधी मी चालवली. काटा चाळीसवर धरला, त्यांनी मोबाईल नाकाशी नेऊन वाचलं, "सदतीस." साठला छप्पन्न. पुन्हा केलं, तेच आकडे.

"बरोबर," ते म्हणाले. "गाडीचं मीटर थोडं जास्तच दाखवतं. कंपनी तसंच लावून देते."

"म्हणजे कमी दाखवत नाही."

"आता मी चालवतो."

जागा बदलल्या. काटा वाचायचं काम त्यांचं, मोबाईल माझ्या हातात.

"चाळीस."

"अडतीस."

"चाळीस."

"बावन्न."

"साठ."

"एकाहत्तर."

मी फक्त आकडे सांगत होते. त्यांनी आणखी दोनदा करून पाहिलं, मग डावा इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली.

"बिघडलेलं मीटर दर वेळी सारखंच चुकतं," समोर बघत ते म्हणाले. "हे कधी इकडे, कधी तिकडे. मीटर ठीक आहे, तपासनीस नापास."

ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि किल्ली पुढे केली.

परतताना मी पुढची कामं सांगितली: डोळ्यांचे डॉक्टर, आणि दर सोमवारी त्यांना त्र्यंबकेश्वरला नेणारं कोणीतरी.

"डॉक्टरांनी चालवा म्हटलं तरी लगेच किल्ली द्यायची नाही," ते म्हणाले. "आधी याच रस्त्यावर पुन्हा आकडे घ्यायचे. आणि आता तिसरा गिअर टाक, इंजिन ओरडतंय."