पानावरचा हात

परवा एका मुंजीच्या जेवणात माझ्या समोर एक अनोळखी बाई बसल्या होत्या. जिलबीचं ताट घेऊन वाढपी जवळ येताच त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. "एक तरी घ्या हो, एवढ्याने काय होतंय?" तो म्हणत राहिला. "नको, खरंच नको," त्या हसत म्हणत राहिल्या. हसताना त्यांचे खांदे मात्र पडले होते, आणि ते दमणं माझ्या ओळखीचं होतं.

त्या 'एवढ्याने'चा मला फार राग आहे. माझं वजन उतरत होतं तेव्हा प्रत्येक कार्यात कुणीतरी थांबवून विचारायचं, "अगं, किती बारीक झालीस! काय करतेस?" सांगताना मी फुलून जायचे. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जे वजन पुन्हा वाढलंच नाही, त्याचं कौतुक कोण करणार? पण ते वाढू नये म्हणून रोज नव्याने नको म्हणावं लागतं, आणि हे कधी संपेल असं कुणीच सांगत नाही.

वाढपी माझ्याकडे वळला. मी हात आडवा धरला. तेवढ्यात मागून वहिनी त्याला म्हणाल्या, "आमच्या वन्संना आग्रह नको करूस. त्या गोड खात नाहीत." तो लगेच पुढे सरकला. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं.

वाढपी पंगतीच्या पार टोकाला पोचला, तरी माझा हात पानावर तसाच आडवा होता.