गंजीवरून उतरताना

आमच्या गावात कडब्याची गंजी लावायची झाली की वर मी. खालून माणसं पेंढ्या फेकणार अन् मी एकटा त्या झेलून रचणार. बुडखे बाहेर, शेंडे आत, मधला भाग उंच, म्हणजे पावसाचं पाणी मुरत नाही. शाळा मी तिसरीतच सोडली, पण माझ्या गंजीतला कडबा काळा पडला असं कोणी म्हणून दाखवावं. शेलूबाजारच्या रस्त्यानं जीपमधून जाणारा माणूसही गंजी पाहून सांगायचा, ही कोणाच्या हातची.

मग एका साली तूर झोडताना काडी उडून उजव्या डोळ्यात गेली. पोरगा म्हणाला, "बाबा, वाशीमले चाला."

मी म्हटलं, "काडीनं कोणी मरते काय?"

आमच्याकडं डोळ्याला लागलं की बकरीचं दूध सोडतात. माझी आई सोडायची, मीही सोडलं. डोळा लाल झाला, मग पिकला. वाशीमला गेलो तोवर बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हा डोळा गेला, काका. आता जवळ-लांबचा अंदाज चुकेल. उंचावर चढू नका."

"गुलेल मारतानी माणूस एक डोया मिटूनच नेम धरते ना?" मी म्हटलं.

डॉक्टर हसले नाहीत. "नेम लागेल. किती लांब आहे ते कळणार नाही."

घरी आल्यावर कळलं ते काय म्हणत होते. चहा बशीत ओतला तो मांडीवर गेला. ओट्याच्या पायऱ्या संपल्या समजून चालू लागलो, अजून एक होती. कोणी तंबाखूची पुडी पुढं केली तर माझा हात अलीकडंच मिटायचा. बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हे सगळं पाहिलं. मी चहा ओतायला लागलो की बशीवर चमचा वाजवायची, बशी कुठं ते मला समजावं म्हणून. मी ओरडायचो, "बंद कर ते. मी काय आंधया हाव?" ती वाजवायचीच.

गंजीचे दिवस आले. पोरगा म्हणाला, "बाबा, यंदा मी चढतो."

"तू लावशीन तं गंजी पोळ्यापर्यंत उभी राहत नाही," असं म्हणून मी शिडी चढलो. चढताना हाताला पायरी लागते, त्यामुळं काही वाटलं नाही.

पहिली पेंढी आली. मी हात मिटले तेव्हा ती यायचीच होती. छातीवर बसली. दुसरी डोक्यावरून पलीकडं गेली. शेजारचा गडी खालून म्हणाला, "काका, कडबा हाय तो, हार नाही. धरा ना." सगळे हसले, मीही हसलो. मग ते हळू फेकू लागले, लेकराला चेंडू द्यावा तसे. ते जास्त लागलं. तरी मी गंजी पुरी केली, पायाशी पडलेली पेंढी वाकून उचलत.

उतरायला काठाशी आलो. शिडी दिसत होती, जमीन दिसत होती, माणसं दिसत होती, पण सगळं एकाच पाटीवर काढल्यासारखं. पहिली पायरी वीतभर खाली की पुरुषभर, सांगता येईना. पाय सोडला, काही लागेना, परत ओढून घेतला.

पोरगा म्हणाला, "बाबा, उडी मारा, मी झेलतो." त्याचे पसरलेले हात दिसत होते. किती खाली, ते नाही.

"तुमी चहा पिऊन या," मी म्हटलं. "मी बसतो जरासा. वारा बरा हाय वर."

ते समजले अन् गेले. कोणी मागं वळून पाहिलं नाही.

उन्हं कलली तरी मी तिथंच बसून होतो. बुढी आली. तिनं लांब तुराटी घेतली अन् शिडीची सगळ्यात वरची पायरी वाजवली. "हे पाहा, हे वरची." मी पाठमोरा झालो, आवाजाकडं पाय सोडला, पायरी लागली. तिनं खालची वाजवली. असा मी उतरलो. ती काहीतरी बोलेल म्हणून मी तोंड फिरवून उभा राहिलो. ती म्हणाली, "चाला, चहा थंडा झाला असन."

पुढच्या साली पोरगा वर चढला अन् मी खालून पेंढ्या फेकायला उभा राहिलो. माझी पेंढी एकदा गंजीच्या अलीकडंच पडे, एकदा पार पलीकडं. या वेळी कोणी काही बोललं नाही. थट्टा केली असती तर मी थांबलो असतो. घरी निघून आलो.

त्या पावसाळ्यात गंजी भिजली. कडबा काळा पडला, बैलांनी तोंड फिरवलं. पोरगा माझ्याकडं पाहत होता, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी भिजल्या पेंढ्या बाजूला काढू लागलो.

आता बुढीचे गुडघे गेले. चुलीपासून ओट्यावर यायला तिला वेळ लागतो. मी कप हातात धरून बसतो. हाक मारत नाही. चहावर साय धरते. चमचा वाजला की ओततो.