जुईच्या बाबांची रंगीत तालीम

या जगात तालमीशिवाय काहीही घडू नये, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला आहे आणि तो आमच्या समोरच्या घरात राहतो. जन्म आणि मरण या दोन गोष्टी कुणालाही न विचारता परस्पर उरकल्या जातात, याबद्दल त्यांची देवाकडे कायमची तक्रार आहे. त्यांना नाव आहे, दारावरच्या पाटीवर ते सुवाच्य अक्षरांत लिहिलेलंही आहे, पण मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडच्या आमच्या कॉलनीत सगळे त्यांना जुईचे बाबाच म्हणतात. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ते सुरक्षा विभागात होते. आग लागली तर कुणी कुठल्या दारातून बाहेर पडायचं, याची दर महिन्याला तालीम घ्यायची, हे त्यांचं काम. इतक्या वर्षांत तिथं एकदाही आग लागली नाही. 'मग एवढ्या तालमी फुकटच गेल्या म्हणायच्या,' असं मी एकदा म्हणाले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मी स्वतः काही शिकले नाही, हे मला पुरतं कळलं.

त्यांची जुई स्वमग्न आहे. बोलते मोजकंच. एखादी गोष्ट संपली की 'झालं' म्हणते, आणि ते इतक्या ठामपणे म्हणते की पुढे कुणी फाटे फोडत नाही. पण अचानक काही घडलं, कुकरची शिट्टी झाली, न सांगता पाहुणे आले, की ती कानांवर हात दाबून खाली बसते आणि तासभर उठत नाही. ते लोक नवीन राहायला आले तेव्हा मी शेजारधर्म म्हणून 'कधी बरी होईल हो?' असं विचारलं होतं. ते शांतपणे म्हणाले, 'आजारी नाहीये ती, बाई. तिला फक्त आधी सांगावं लागतं. आपल्याकडं आधी सांगायची कुणाला सवय नाही. दुरुस्त करायचं ते तिथं आहे.'

आणि ही दुरुस्ती त्यांनी खरोखरच हाती घेतली. जुईचे केस कापायचे म्हणजे आधी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये रोज पाच मिनिटं नुसतं खुर्चीत बसायचं, मग कात्री पाहायची, मग कानापासून वीतभर लांब कात्रीचा आवाज ऐकायचा. सलूनवाले चाचा भला माणूस, पण एक दिवस तेही रस्त्यावर येऊन मला म्हणाले, 'बाई, पंद्रा दिन हो गए, खाली हवा काट रा मैं.' सोळाव्या दिवशी केस कापले गेले. तेव्हापासून घाबरणारं कुठलंही लेकरू आलं की चाचा आधी हवा कापतात आणि ही आपलीच युक्ती असल्याचं सांगतात.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना, सगळी भिस्त टँकरवर. टँकर कॉलनीच्या तोंडाशी आला की भोंगा वाजवी, बायका हंडे घेऊन धावत आणि जुई कान दाबून ओट्याखाली शिरे. जुईच्या बाबांनी ड्रायव्हरला गाठून भोंग्याऐवजी लाल फडकं दाखवायला सांगितलं. 'भोंगा नाय वाजवला तर टँकर आला हे कळंल कसं वो?' तो म्हणाला. त्याचीही तालीम झाली. भर उन्हात तो बिचारा रिकामा टँकर मागंपुढं घेत होता, आणि फडकं दिसताच आम्ही सोळा बायका रिकामे हंडे घेऊन मुकाट्यानं रांगेत उभ्या राहत होतो. मी त्या दिवशी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पुढे मात्र आमच्याइतक्या शांतपणे पाणी भरणारी कॉलनी त्या भागात दुसरी नव्हती.

जुईला शाळेत घालायच्या वेळी त्यांचा निराळाच अवतार कळला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की विचार करून कळवते. ते म्हणाले, 'घ्या अशी विनंती करायला मी आलो नाही. घेणं तुम्हाला भागच आहे. कोणत्या तारखेपासून, तेवढं विचारतोय, म्हणजे तालमी सुरू करता येतील.' आवाज चढला नाही, पण माणूस खुर्चीवरून हललाही नाही. हे मला त्यांनीच सांगितलं. माझ्या नोकरीत अशी दोन मुलं माझ्या वर्गात आली होती. मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि कुणाला त्रास देत नाहीत म्हणून चांगली मुलं म्हटलं. त्यांची तालीम घ्यावी, निदान माझी तरी घ्यावी, असं मला कधी सुचलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

जुईला अठरा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी ते तिचं नाव मतदार यादीत घालायला गेले. 'अशांची नावं कशाला घालता?' असं तिथल्या कारकुनानं विचारलं. ते म्हणाले, 'घालू नये असं कुठं लिहिलंय ते दाखवा, मी उभा आहे.' कारकुनाचा दोनदा चहा झाला, हे उभेच होते. नाव लागलं. निवडणुकीला दोन महिने होते, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या कॉलनीत मतदान सुरू झालं.

रोज संध्याकाळी, त्यांच्या अंगणात. बुटाच्या खोक्याचं यंत्र, त्यावर वांगं, भेंडी, दोडका आणि कारलं अशी चार चिन्हं. मी पहिली अधिकारी, यादीत नाव पाहणारी. सलूनवाले चाचा शाई लावणार. तिसऱ्या खुर्चीत स्वतः जुईचे बाबा, यंत्राचा आवाज म्हणून तोंडानं लांबलचक 'पीं' करणार. ते झालं की जुईनं उठून सरळ घरात जायचं आणि आईच्या हातचं गरम थालीपीठ खायचं. तिथं तालीम संपली. खरी अडचण शाईची होती, कारण बोटाला ओलं लागलेलं जुईला सहन होत नाही. मग एकट्या तिलाच का, म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांच्या बोटांना जखमेवरचं जांभळं औषध लावायला सुरुवात केली, ती दोन महिने. मी त्याच बोटानं पैठणला एका साखरपुड्याला गेले, तर वरपक्षाच्या एका आजीबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'तुमच्याकडं मतदान झालं व्हय? आम्हाला कुणी सांगितलंच नाय.' इकडे शहर असं वाढत होतं की त्यालाही तालीम पुरेना. बाजरीच्या शेतांत इमारती उठल्या, आणि मतदानाच्या आठवड्यात केंद्राचा रस्ताच पाइपलाइनसाठी खणून ठेवला. त्यांनी खड्ड्यावर फळी टाकून घेतली आणि फळीची तालीम घेतली.

मतदानाच्या सकाळी ते जुईला आणि मला घेऊन केंद्रावर पहिले पोचले. नाव मोठ्यानं पुकारू नका, हात धरू नका, घाई करू नका, एवढं त्यांनी सांगून ठेवलं. केंद्रावरचे साहेब समजूतदार होते. म्हणाले, 'तुम्ही सोबत जाऊन बटण दाबा की, चालतं.'

'चालतं ते मला माहीत आहे,' जुईचे बाबा म्हणाले. 'पण मत तिचं आहे. मी बाहेर थांबतो.'

रांगेत कुणीतरी पुटपुटलं, तिला काय कळतंय कुणाला द्यायचं ते. ते मागे वळले. 'तुम्ही कुणाला देणार, हे मी विचारलं का? तिलाही विचारू नका.'

जुई एकटी आत गेली. आम्ही दोघं बाहेर लिंबाखाली उभे राहिलो. आतून काही ऐकू येईना. त्यांचे ओठ तालमीतल्यासारखे नुसतेच 'पीं' करायला पुढे आले होते. मग यंत्राचा खरा, लांब आवाज आला. पाठोपाठ आतून स्पष्ट ऐकू आलं, 'झालं.'

ती बाहेर आली, बोट समोर धरून, आणि आमच्या शेजारून सरळ निघून गेली. वडिलांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मला क्षणभर वाईट वाटलं, मग लक्षात आलं. आवाज झाला की घरी जायचं, एवढंच तिला शिकवलं होतं. बाहेर वाट पाहणारे बाबा तालमीत कधी नव्हतेच, ते तर तिसऱ्या खुर्चीत बसायचे. 'हाक मारू का?' मी विचारलं. ते म्हणाले, 'नको, बाई.'

आम्ही मागून चालू लागलो. ती फळीपर्यंत पोचली आणि तेवढ्यात कुठला तरी परका टँकर भोंगा वाजवत गेला. जुईचे दोन्ही हात कानांवर गेले, गुडघे वाकले. ते धावले, आणि चार पावलांवर थांबले. स्वतःलाच धरून ठेवावं तसे दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून उभे राहिले. जुई बराच वेळ वाकलेलीच होती. मग ती उठली, कान दाबूनच फळीवरून पलीकडे गेली आणि घरात शिरली. आम्ही पोचलो तेव्हा तिनं अर्धं थालीपीठ संपवलं होतं. ते चपला न काढता दारातच उभे होते.

'बाई,' ते म्हणाले, 'हे तालमीशिवाय झालं.'

आता जुई रोज संध्याकाळी डेअरीतून दूध आणते. ते मागून चालतात. आधी दहा पावलं अंतर होतं, मग विजेचा एक खांब झाला, यंदा दोन खांब आहे. वाढवत वाढवत एक दिवस घरीच थांबायचं, असं ते म्हणतात, आणि त्यापुढचं बोलत नाहीत. मरणाची तालीम घेता येत नाही ही त्यांची देवाकडची तक्रार, पण मला वाटतं, ती तालीम त्यांनी केव्हाच सुरू केली आहे. मी गच्चीतून पाहते. दूध घेऊन ती परत येते, त्यांच्या शेजारून पुढे निघून जाते, आणि ते तिथंच थांबून दोन खांब होण्याची वाट पाहतात.