वॉर्डनबाईंची मंडळी

बिशपसाहेबांचं पत्र आलं की आमच्या वॉर्डनबाई ते वाचता वाचताच भांडायला लागायच्या. वॉर्डन म्हणजे मंडळीच्या कारभारीण. माणिकपुरात एका शाळेच्या हॉलमध्ये आमची अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाची, मंडळी दर रविवारी जमायची. वसईत कॅथलिकांची देवळं पावलोपावली. आम्ही इनमिन तेरा घरं. पाळक महिन्यातून एकदा मुंबईहून येत. बाकीचे रविवार बाईच उपासना चालवायच्या.

निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्यांची एकी होऊन सगळ्यांचा मिळून एका बिशपच्या हाताखाली एक धर्मप्रांत झाला, त्याला पंचवीसेक वर्षं झाली होती. बाईंना ते मान्यच नव्हतं. "एकी त्यांनी केली. मला कुणी विचारलं?" विरारच्या नव्या इमारतींत नगरकडची कितीतरी कुटुंबं आली होती. ती दुसऱ्या मिशनची, बसून प्रार्थना करणारी. आम्ही गुडघे टेकणारे. एका रविवारी ती आमच्याकडे आली, तर बाईंनी भर उपासनेत सुनावलं, "देवापुढे गप्पा मारायला बसलात का? टेका गुडघे!" मग कशाला फिरकतात पुन्हा! घरातच जमू लागली. मला बाईंचा भयंकर राग आला होता.

पुढे धर्मप्रांताचं पत्र आलं: माणसं थोडी, मंडळी बंद करून मुंबईच्या मंडळीत मिसळा. ईस्टरनंतरच्या रविवारी बिशपसाहेबांच्या हाताखालचे आर्चडीकन येऊन तसं जाहीर करतील. आम्ही माना खाली घातल्या. बाई कडाडल्या, "माझ्या आईबापांना या मंडळीनं मूठमाती दिलीय. बंद करणारे हे कोण लागून गेले टिकोजीराव?"

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्या विरारला गेल्या. ती कुटुंबं जमायची त्या घरापर्यंत चार मजले चढून धाप लागली, तरी दारातूनच म्हणाल्या, "तुम्हाला हाकललं, चुकलं माझं. आता बसा, उभे राहा, काय हवं ते करा, पण रविवारी या!" माफीसुद्धा दरडावूनच. घरातल्या आजी म्हणाल्या, "आता गरज पडली व्हय?"

"पडली," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी हॉलमध्ये खुर्च्या पुरेनात. आर्चडीकननी पत्र हातात धरून विचारलं, "बाई, यांतले तुमचे किती?"

"सगळे! तुम्ही एकी कागदावर केलीत, साहेब. आम्ही केली ती ही बघा. वाचा आता तुमचं पत्र, यांच्या तोंडावर वाचा!"

साहेबांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं.

काही वर्षांनी बाई गेल्या. शवपेटी उचलायला आम्ही जुन्या घरांतले पुढे झालो, तेवढ्यात त्या आजींचा मुलगा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सरका जरा. आमच्याबी बाई होत्या त्या."

सरकलो.