डेक्लनरावांचं वाण

अनारशांचा डबा मी मांडीवरून हलवत नव्हतो. विमानातली मुलगी दोनदा म्हणाली, बाबा, वर ठेवा. म्हटलं, वर लोकांच्या बॅगा त्याच्यावर पडतील. शेवटी तिनं तो माझ्या पायांपाशी सरकवला आणि सिंगापूर येईपर्यंत मी पाय आखडून बसलो.

अधिक महिना होता. माझी बायको शालन, तिला जाऊन दीड वर्ष झालं. अश्विनीनं, आमच्या एकुलत्या मुलीनं, सिंगापुरातच लग्न केलं, आयर्लंडच्या मुलाशी. आम्हा दोघांना जाणं जमलं नाही. तेव्हापासून शालनचं ठरलेलं, अधिकात जावयाला वाण द्यायचंच. ती राहिली नाही, म्हणून शेजारच्या वहिनींकडून अनारसे करून घेतले आणि मीच निघालो. एसटी चालवण्यात जन्म गेला, पण फलटण सोडून एवढं लांब कधी गेलो नव्हतो.

विमानतळावर जावईच न्यायला आले. डेक्लन नाव, आमच्या घरात डेक्लनराव. उंच, तांबडी दाढी, हनुवटीवर जुनी खोक. खाली वाकून पाया पडले आणि म्हणाले, "मामा, वाटंत काय खाल्लं का?"

हेल अगदी शालनचा. दर रविवारी ती फोनवर बोलत बसायची, मला वाटायचं अश्विनीशी. निम्मा वेळ यांना मराठी शिकवत होती. मी बॅग पुढे केली. म्हटलं, "बॅग धरा."

सेंगकांगला त्यांचं घर. उंच उंच एकसारख्या इमारती, आणि मधून पुलावरून दोन डब्यांची छोटी गाडी फिरते. तिला ड्रायव्हरच नाही. मी पुढच्या काचेशी उभा राहिलो. वळण आलं की माझा पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

घरात दाराआड एक काठी टेकवलेली होती, मोठ्या लाकडी उलथन्यासारखी. ती हर्लिंगची (आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ). डेक्लनराव तिकडे आपल्या जिल्ह्याकडून खेळलेले, दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी मैदान. इथे समुद्राच्या पाण्यात लोखंड कसं गंजतं याच्यावर पीएचडी करतात, आणि शनिवारी खेळतात.

"मिळतं काय?" मी अश्विनीला विचारलं.

"काही नाही आप्पा. या खेळाला पगार नसतोच. तिकडे चांगले चांगले खेळाडू सकाळी शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी खेळतात."

"म्हणजे फुकटात टाळकं फोडून घ्यायचं."

तिनं हे भाषांतर केलं नाही. तरी जावई हसले.

ती हसली नाही. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "मागच्या वर्षी डोक्याला काठी लागली. शिरस्त्राण होतं तरी. कित्येक महिने कॉम्प्युटरकडे बघवत नव्हतं त्याला, सगळं लिखाण मागे पडलं. आता मंगळवारी तोंडी परीक्षा आहे. परत मुदत मिळायची नाही. आणि शनिवारी मॅच. तुम्ही सांगा त्याला."

"जावयाला मी सांगू? मानाचा माणूस."

"सगळ्या गावाला तोंडावर बोलता. इथेच बरा मान आठवला."

"आणि पास झाले तर?"

ती कणीक मळत राहिली. "त्याच्या जुन्या कॉलेजात जागा आहे. आयर्लंडला जाऊ."

ते जेवण मला गेलं नाही. सिंगापूर म्हणजे एका विमानाची गोष्ट. आयर्लंड कुठल्या बाजूला, हे मला नकाशावर दाखवता येणार नाही. जावई पास व्हावेत असं वाटत होतं, आणि होऊ नयेत असंही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बुओना व्हिस्टाला, त्यांच्या प्रयोगशाळेत नेलं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत लोखंडाच्या पट्ट्या टांगलेल्या, त्यावर डोळ्यांत तेल घालून यांचं लक्ष. मग हॉकर सेंटरात (एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या) कोपी प्यायलो, घट्ट गोड दुधाची कॉफी. टपरीवरच्या चिनी बाईंनी विचारलं, "अंकल, युअर सन आह?" मी म्हटलं, "जावई." त्यांना काय कळलं देव जाणे, पण दूध वाढवून घातलं.

शुक्रवारी वाण द्यायला डबा उघडला, तर निम्म्या अनारशांचा चुरा. शालननं असलं वाण ताटात ठेवू दिलं नसतं. मी साबूत तेवढे वेचले, वर दिवा ठेवला. डेक्लनराव पाटावर बसले, गुडघे छातीशी आलेले. नमस्कार केला आणि अश्विनीमार्फत विचारलं, मी मामांना काय देऊ?

"जावयानं द्यायचं नसतं काही."

त्यांनी परत विचारलं. अश्विनी माझ्याकडे बघतच नव्हती, दिव्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "उद्या खेळू नका."

त्यांनी दाराआडच्या काठीकडे एकदा बघितलं. मग ते म्हणाले, "हो मामा."

शनिवारी मैदानावर ते साध्या कपड्यांत, पाण्याच्या बाटल्या वाहत. ऊन असं की गवतातून वाफ यावी. काठीवर काठी आदळली की मी दचकून त्यांचं डोकं बघायचो, माझ्या शेजारी उभे होते तरी. उत्तरार्धात त्यांच्या संघातल्या एकाचा पाय मुरगळला. बदली गडी नाही. एक जण धावत आला, काहीतरी बोलला, सगळे हसले.

"म्हणतोय, सासरा मॅनेजर आहे ना तुझा, विचार त्याला," अश्विनी म्हणाली.

शिरस्त्राण डेक्लनरावांच्या हातात आलेलंच होतं. "मामा?"

"बसा."

ते बसले. त्यांचा संघ एका गुणानं हरला. गाडीत ते काठी दोन्ही गुडघ्यांत धरून बसले होते, मी विमानात डबा सांभाळत बसलो होतो तसे.

मंगळवारी अश्विनी तुआसला कामावर गेली. मी घरात एकटा. मॅच तर माझ्यापायी गेली. आता परीक्षाही गेली, तर या माणसाला तोंड कसं दाखवू? चहा केला आणि तसाच गार झाला. दुपार कलल्यावर दार वाजलं. बुटांच्या नाड्या सोडायला त्यांनी फार वेळ लावला.

"मामा, झालो."

"काय झालात?"

"पास."

मी खाली बसलो. पाठोपाठ आयर्लंड आठवलं, आणि बसूनच राहिलो.

निघताना डेक्लनरावांनी डबा परत दिला. जड लागला. म्हणाले, "आई फोनवर म्हणायच्या, डबा रिकामा द्यायचा नाही." विमानतळावर तपासणीवाल्यानं तो उघडायला लावला. आत त्यांच्या खेळाचा चेंडू, कातडी, जाड शिवणीचा, एका बाजूला घासलेला. "अंकल, व्हॉट इज धिस?" मला एवढंच आलं, "सन-इन-लॉ."

फलटणला येऊन पहिल्यांदा पासपोर्टची मुदत बघितली. पुढचा अधिक तीनेक वर्षांनी. तोवर मी असेन-नसेन. पण चेंडू काढून घेऊन वहिनींचा डबा परत करायला गेलो, तेव्हा त्यांना आताच सांगून ठेवलं, पुढच्या खेपेला अनारसे जरा जाड थापा, लांब जायचंय.