घंगाळभर दही

मला बघायला आले तेव्हा होणाऱ्या सासूनं एकच प्रश्न विचारला होता, "दूधदुभतं येतं का गो?" आणि मी मान खाली घालून, पण आवाज चढवून म्हटलं होतं, "सगळं येतं." आमच्या खर्डीजवळच्या घरी एक शेळी होती. तिचं दूध सकाळच्या चहातच संपायचं, दुपारचा चहा कोरा. एवढ्या अनुभवावर मी दोन म्हशींच्या घरात सून होऊन आले.

सासर वाशिंद स्टेशनापासून दोन कोसांवर. घरात सासूबाई, मामंजी, आमचे हे आणि मी. म्हशी सकाळ-संध्याकाळ कासंड्या भरभरून द्यायच्या. चहापुरतं नि सायीपुरतं ठेवून बाकीचं दूध गवळी स्टेशनावर न्यायचा, तिथून ते गाडीनं कल्याणला. त्यामुळे माझं अज्ञान वर्षभर झाकून राहिलं.

लढाईचे दिवस होते. दिवाळीला पंधरा-वीस दिवस असताना मुरबाडहून निरोप आला, नणंदेचे दिवस भरले. तिचं तिसरं बाळंतपण, ते तिकडेच होणार होतं. सासूबाई बोचकं बांधून निघाल्या आणि उंबऱ्यातून परत फिरल्या. फडताळातली चिनी मातीची बरणी माझ्यापुढे ठेवली.

"रोजची साय धरायची, घुसळायची, लोणी कढवायचं. मी येईन तवा ही गळ्यापर्यंत तुपानं भरलेली दिसली, तर दिवाळीला म्हायेरी जा. नायतर नाय. आणि थेंबभर दूध वाया घालवायचं नाय, सांगून ठेवते. म्हशीला कळतं."

आईला बघून मला वर्ष झालं होतं. "एक काय, दोन बरण्या भरीन," मी म्हटलं. सोळा वर्षांची होते, जीभ सुटलेली आणि हात बांधलेले.

तिसऱ्या दिवशी गवळी हिवतापानं आडवा झाला. त्याच्याकडून कोणीतरी सांगत आलं, आठ-दहा दिवस धरू नका. आता खरी गंमत ऐका. मला आनंद झाला! जास्त दूध, जास्त साय, जास्त तूप. म्हटलं, देवच मला माहेरी पाठवतोय.

दुपारपर्यंत देव कुठे दिसेना. दूध आलं की तापवावं लागतं, तापवलं की ठेवायला भांडं लागतं. भांडं रिकामं होण्याआधी मामंजी गोठ्यातून हाक मारतात, "सूनबाय, कासंडी!" म्हशीला काही सुट्टी नसते. पहिल्या दिवशी तांदळाची खीर केली. दुसऱ्या दिवशीही खीर केली. तिसऱ्या दिवशी ताटावर बसता बसता आमचे हे म्हणाले, "आज भाकर मिळंल का?" मग बासुंदी करायची ठरवली. रेशनची साखर खिरीत संपलेली, आणखी कुठली मिळायला? उकळत्या दुधात गूळ टाकला आणि दूध डोळ्यांदेखत फाटलं. ते नासकं दूध मामंजींनी दोन दिवस खाल्लं. तिसऱ्या दिवशी ते जेवायच्या वेळेला शेतावर निघून गेले.

मग सुचलं, शेजारी वाटावं. संध्याकाळचं दूध वाटता येत नव्हतं, दिवेलागणीनंतर घरातलं दूध बाहेर देत नसत. पण सकाळचं? शेजारच्या काकूंकडे तांब्या भरून घेऊन गेले. काकूंच्या पण म्हशीचं दूध तोच गवळी न्यायचा, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. काकूंच्या मात्र लगेच आलं.

"आण गो आण," म्हणाल्या. दूध ओतून घेतलं आणि तांब्या काठोकाठ दह्यानं भरून माझ्या हातात दिला. "दुधाचं भांडं रिकामं परत देऊ नाय."

एरवी असल्या भांड्यात लोक चिमूटभर तांदूळ घालतात. काकू नुसत्या हसत होत्या. पुढच्या घरी गेले, तिथून ताक आलं. तिसऱ्या घरी दुधाच्या बदल्यात दूधच आलं. सकाळी जेवढं घेऊन निघाले होते, त्याहून जड होऊन घरी आले. आमचे हे ओसरीवर बसले होते. माझ्या हातातली भांडी बघून म्हणाले, "इकायला बसलीस का गावात?"

घरात आता एकही कल्हईचं भांडं रिकामं नव्हतं. मडकी भरलेली, पातेली भरलेली, हंडासुद्धा भरलेला. चार दिवसांची साय नि हे सगळं दूध एकत्र करून विरजण लावलं, तर एका घुसळणीत बरणी भरेल असा माझा हिशेब. पण लावायचं कशात? तेवढ्यात न्हाणीतलं मामंजींचं आंघोळीचं पितळी घंगाळ दिसलं. चिंच लावून, राख लावून मी ते असं घासलं की त्यात तोंड दिसावं. सगळं दूध-साय कोमट करून त्यात ओतलं, विरजण घातलं, वर परात झाकली. घंगाळाला आतून कल्हई नसते, हे मला माहीत होतं. कल्हई कशासाठी असते, ते माहीत नव्हतं.

सकाळी परात उचलली. दही छान लागलं होतं, आणि कडेनं हिरवं होतं.

मी काकूंना हाक मारली. त्या आल्या, वाकल्या, बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट पदराला पुसलं.

"कळकलं गो पोरी. विष झालं. कुत्र्यालाबी घालू नको." मग घंगाळाकडे बघून म्हणाल्या, "पितळेत दही? तुझ्या म्हायेरी काय करवंटीत लावत व्हते?"

खरं म्हणजे शेळीचं दही करवंटीत मावलं असतं. पण तेव्हा रडूच आलं. चार दिवसांची साय होती ती. घुसळता येईना, खाता येईना, गुराच्या तोंडाला लावता येईना. उकिरड्यात खड्डा खणून मी ते घंगाळ पालथं केलं आणि माती लोटली. गोठ्याकडे पाठ करून सगळं केलं, म्हशींना दिसू नये म्हणून.

सासूबाई दिवाळीच्या चार दिवस आधी आल्या. नणंदेला मुलगी झाली होती. काकूंनी त्यांना वेशीतच गाठलं असावं, कारण पायावर पाणी घेण्याआधी त्यांनी बरणी उघडली. तळाला नंतरच्या सायीचं चार बोटं तूप, तेही लालसर.

"बाकीचं दूध?"

ओसरीवरून मामंजी खाकरले. "मी खाल्लं."

"घंगाळभर?"

"भूक लागली व्हती."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी विचारलं, "कोणाच्या पोटात गेलं नाय ना ते?" मी मान हलवून नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "तुजी आय इचारंल, सासूनं वर्षात काय शिकवलं? मी काय सांगू? यंदा नाय जायचं. उद्यापासून माझ्यासमोर कढवायचं."

दोन दिवसांनी माझा थोरला भाऊ न्यायला आला. मी दाराआडून ऐकत होते. सासूबाईंनी त्याला पोहे दिले, दोन पेले ताक दिलं, सगळी विचारपूस केली आणि सांगितलं, "आमाला दिवाळीत माणूस कमी पडतंय." घंगाळाचं नाव काढलं नाही. मग ते चार बोटं तूप त्यांनी एका गाडग्यात काढलं, वर फडकं बांधलं आणि भावाच्या हातात दिलं, "बहिणीच्या हातचं हाय." मला उंबऱ्यापर्यंत यायला दिलं. भाऊ म्हणाला, "येतो गो," आणि गाडगं छातीशी धरून बांधावरून गेला. मी केलेलं तूप माहेरी निघालं, आणि मी राहिले.

दिवाळीनंतर आईचा निरोप आला, तूप करपलंय, पुढच्या वेळी आच कमी ठेव. तो मी सासूबाईंना सांगितला नाही. सांगणार तरी कधी? गवळी अजून धड चालत नव्हता, चुलीवरचं दूध वर येत होतं आणि मामंजी गोठ्यातून हाक मारत होते.