सिस्टरबाईंनी जमवलेली माणसं

"तिले इचारं का?"

कुठलाही बेत ऐकला की सिस्टरबाईंचा पहिला प्रश्न हाच. मुलीचं लग्न ठरलं, सुनेची नोकरी सोडवायची ठरली, सासूला मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, आपण उत्साहाने सांगत असायचं आणि त्या चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, तिला विचारलं का? तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. बरेचदा आपण तिला टाळतो. मीही टाळत असे.

शहाद्यात आमच्या दोन घरं पलीकडे त्या राहायच्या. सरकारी नर्स म्हणून अर्धं आयुष्य डोंगरातल्या उपकेंद्रांवर काढलं होतं. तिथल्या आदिवासींची पावरी बोली छान बोलायच्या, आमच्याशी मात्र अहिराणीच. निवृत्त झाल्यावरही मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं असायचं, नाडी मोजायला बरं म्हणून.

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. रक्तस्राव थांबेना, म्हणून त्याच रात्री डॉक्टरांनी गर्भाशय काढलं. मी लोणखेड्याच्या शाळेत शिकवते. एरवी पहिलीचा वर्ग मी मागून घ्यायची; पुढची दोन वर्षं घेतला नाही. मग कुणीतरी सरोगसीचं सांगितलं. माझं बीज आणि नवऱ्याचं, वाढवायचं दुसऱ्या बाईने. पैसे देऊन हे करायला कायद्याने बंदी आहे. बाई स्वखुशीने तयार हवी, लग्न झालेली हवी, तिला स्वतःचं मूल हवं.

सासूबाईंनी एका संध्याकाळी ठरवून टाकलं. माझी नणंद म्हसावदला दिलेली, तिला एक मुलगा. घरचीच मुलगी, भावासाठी नाही करणार तर कुणासाठी करणार? नणंद मान खाली घालून बसली होती. आम्ही त्यालाच होकार समजलो आणि कागदपत्रांचं विचारायला तिला घेऊन सिस्टरबाईंकडे गेलो.

त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. सासूबाई म्हणाल्या, विचारायचं काय त्यात. सिस्टरबाई उठल्या, नणंदेला आत घेऊन गेल्या आणि दार लावून घेतलं. पंधरा मिनिटांनी एकट्याच बाहेर आल्या.

"ती नही म्हनस. हाई गोट आठेच संपनी."

ती नाही म्हणते, विषय इथेच संपला, एवढंच; कारण विचारलं तर सांगेनात. सासूबाईंनी गल्लीभर बोलून घेतलं की या बाईने आमचं घर मोडलं. मीही त्यांच्याशी बोलणं सोडलं. समोरून आल्या की मी रस्ता बदलायची. त्या मात्र रोजच्यासारख्याच "बरी शे का?" म्हणून पुढे जायच्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी आली, तेव्हा गच्चीवर पापड उलटताना तिनेच मला सांगितलं. पहिल्या बाळंतपणात तिला झटके आले होते, दोन दिवस शुद्ध नव्हती. सासरच्यांनी ते माहेरी कळू दिलं नव्हतं आणि तिलाही बोलू नको म्हणून बजावलं होतं. "वहिनी, मी मेले असते," ती म्हणाली. सिस्टरबाईंनी तिला शब्द दिला होता की हे कळलं तर तिच्याच तोंडून कळेल, त्यांच्या तोंडून नाही. आमच्या इतक्या शिव्या खाऊनही त्यांनी तो पाळला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभी राहिले. माफी मागायची वाक्यं ठरवून गेले होते, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. चहा ठेवला.

नंतर मार्ग निघाला तो खांडबाऱ्याहून. माझी मावसबहीण रेखा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. एक दिवस नवऱ्याला घेऊन आपणहून आली. मी तिला सिस्टरबाईंकडे नेलं आणि या वेळी स्वतःच बाहेर ओट्यावर बसले. आतून रेखाचा आवाज येत होता. "माले करनं शे. पन तेवढा दिन मन्ही पोरले कोन समाळी?" तिच्या सहा वर्षांच्या मुलीचा विचार मला एकदाही सुचला नव्हता.

त्यानंतर सिस्टरबाईंनी माणसं जमवायला घेतली. नाशिकच्या तीन डॉक्टरांना आम्ही भेटलो. दोघं माझ्याशीच बोलले, रेखाकडे पाहिलंही नाही; जिना उतरतानाच सिस्टरबाईंनी ती नावं खोडली. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी रेखाला खुर्ची दिली. तरीही सिस्टरबाईंचा हट्ट की रेखाची तपासणी करणारी डॉक्टर वेगळीच हवी. "तुन्हा डॉक्टर येगळा, तिन्हा डॉक्टर येगळा. दोन घरनं काम शे हाई." वकिलांचंही तसंच. बाळाचे आईबाप आम्हीच, अशा न्यायालयाच्या आदेशासाठी नंदुरबारची एक तरुण वकीलबाई आमच्यासाठी मिळाली. धडगावकडची. सिस्टरबाई तिच्याकडे कौतुकाने पाहत म्हणाल्या, "मन्हा हातवर जल्मेल शे." ती बिचारी पुढ्यात अशील बसलेलं असताना लाजून लाल झाली.

धुळ्याचे समुपदेशक पुरुष होते, म्हणून त्यांच्यावर आधी सिस्टरबाईंचा विश्वास बसेना. पण त्यांनी रेखाच्या मुलीलाही बोलावून घेतलं, तिला चित्र काढायला दिलं आणि आईच्या पोटातलं बाळ मावशीचं आहे हे पहिल्या दिवसापासून तिला खरं सांगा म्हणाले. परत येताना बसमध्ये सिस्टरबाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, माणूस बरा आहे. कायद्याप्रमाणे रेखाचा विमा काढायचा होता, पण एजंटाला असा विमा असतो हेच माहीत नव्हतं. त्याला समोर बसवून त्यांनी कायद्याचा कागद मोठ्याने वाचायला लावला, एखाद्या पोराला धडा वाचायला लावतात तसा.

जिल्ह्याच्या मंडळाकडून अर्ज एकदा परत आला, कारण माझं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं होतं. मी रडकुंडीला आले. सिस्टरबाई म्हणाल्या, चूक तर सापडली ना, मग दुरुस्त करू.

पहिल्या वेळी गर्भ राहिला नाही. मी रेखाला फोन करून रडले. सिस्टरबाईंना कळलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मला रागावून सांगितलं की आठवडाभर तिला फोन करायचा नाही. करायचाच तर तिची चौकशी करायला. आपलं दुःख तिच्या अंगावर टाकायचं नाही. मला राग आला, आणि तो उतरल्यावर पटलंही.

दुसऱ्या वेळी राहिला.

मुलगी नाशिकला झाली. सिस्टरबाई आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या. बाळ काचेच्या खोलीत ठेवलं होतं; तिसऱ्या दिवशी बघायला सोडलं आणि आम्ही सगळेच तिकडे धावलो. मी, नवरा, सासूबाई, नणंद, रेखाचा नवरासुद्धा. किती वेळ गेला मला कळलं नाही. माझ्या मुलीच्या कपाळावर माझ्या आईसारखी आडवी आठी होती, तीच मी पाहत राहिले होते.

परत आले तर रेखा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची छाती दुधाने दाटून आली होती आणि सिस्टरबाई थंड पाण्याच्या घड्या एकेक करून बदलत होत्या. त्यांनी बाळ अजून पाहिलंही नव्हतं. मी दारात उभी राहिल्याचं पाहून त्यांनी हातातली घडी माझ्याकडे दिली आणि स्वतः बाजूला झाल्या. मी रेखाजवळ बसले. ती म्हणाली, "ताई, बरी शे ना ती?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी खूप रडलो. त्या दिवशी मला कुणी अडवलं नाही.

आता मुलगी बालवाडीत जाते. माझ्याहून लहान असली तरी रेखाला ती मोठी आई म्हणते.

यंदा सिस्टरबाईंचे गुडघे फारच दुखायला लागले, तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना बडोद्याला न्यायला आला. त्यालाही त्यांनी आधी "माले इचारं का?" असं ऐकवलंच असणार. आम्ही तिघी शहाद्याच्या स्टँडवर पोचवायला गेलो. रेखा मुद्दाम पहाटेच निघून आली होती. सिस्टरबाईंना खिडकीची जागा मिळाली. मुलीला हात हलवायला मी उचलून धरलं. तेवढ्यात दिवस भरत आलेली एक बाई गर्दीतून आत चढली. सिस्टरबाई उठल्या, तिला खिडकीशी बसवलं आणि शेजारी टेकल्या. तिच्याकडे वळून काहीतरी विचारू लागल्या. तिने हाताने महिने मोजून दाखवले.

बस निघाली तेव्हा त्यांची आमच्याकडे पाठ होती. त्या बाईचं मनगट हातात धरून त्या तिची नाडी पाहत होत्या.